अर्धे घरात, अर्धे मोबाईलवर : शुक्रवारचा बायबल स्टडी चालवायचा कसा?

सातरस्ता_ताई

सगळ्यांना जय ख्रिस्त. प्रश्न जरा लांब आहे, पण पूर्ण वाचा प्लीज.

आमचा बायबल स्टडीचा ग्रुप सोलापुरात सात रस्त्याजवळ एका घरी बसतो, शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला. लॉकडाऊनमध्ये सगळं झूमवर गेलं होतं, मग ७ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं परत उघडली तसं आम्ही पण हळूहळू घरी बसायला लागलो. पण तोवर ग्रुपच पांगला होता ना. दोन जोडपी नोकरीसाठी पुण्याला गेली, एक सिस्टर हॉस्पिटलमध्ये शिफ्ट ड्युटीला, विडी घरकुल वसाहतीतल्या आजींचे गुडघे गेले त्यामुळं त्यांना रिक्षात चढणं पण होत नाही. ही माणसं तोडायची नाहीत म्हणून आम्ही घरात बसणाऱ्यांसोबत लिंक पण चालू ठेवली.

आता होतंय काय, तर मोबाईल टीपॉयवर गीतपुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवतात, वर पंखा फुल स्पीडवर (एप्रिलमध्ये सोलापुरात पंखा बंद करा म्हणायची कुणाची हिंमत आहे?), त्यामुळं ऑनलाईनवाल्यांना दिसतं काय तर छत आणि पास्टरांची अर्धी हनुवटी आणि ऐकू येतो पंखा. घरात कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळे हसतात, पुण्याहून आवाज येतो "काय झालं? काय म्हणाले?" आणि तो कुणी ऐकतच नाही. मग ते म्यूट होतात, मग कॅमेरा बंद, मग शेवटी चॅटमध्ये "आमेन" टाकून गायब. परवा एक भाऊ मला सरळ म्हणाला, ताई मी आता जेवताना लावून ठेवतो, रेडिओसारखं.

मंडळीतले (म्हणजे चर्चमधले) काही वडीलधारे म्हणतात लिंक बंद करा, ज्याला यायचंय तो येईल. तरुण संघाची पोरं म्हणतात सगळंच ऑनलाईन करा, पेट्रोल वाचेल. पास्टर म्हणाले तुम्हीच ठरवा आणि मला सांगा. पुढच्या महिन्यात बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र सुरू करायचंय, चारच अध्याय आहेत, त्यामुळं नवीन पद्धत बसवायची तर हीच वेळ आहे. तुमच्याकडं कसं चालतं? बजेट फार नाही हे आधीच सांगते.

साउंडवाला_अक्कलकोटरोड

ताई आधी तो मोबाईल टीपॉयवरून उचला बघू, अर्धा प्रॉब्लेम तिथंच हाय.

मी मंडप-साउंडचं काम करतो आणि आमच्या मंडळीचं पण बघतो, म्हणून सांगतो. लोक कॅमेऱ्यावर पैसे घालवतात, गरज आवाजाची असते. चित्र खराब असलं तर माणूस बसतो, आवाज खराब असला की उठून जातो. मोबाईलचा माईक तोंडाजवळ धरून बोलायला बनवलेला असतो, खोलीच्या त्या टोकाला बसलेल्या मावशीचं बोलणं त्यानं पकडावं ही अपेक्षाच चूक. मीटिंगसाठी गोल डबीसारखा स्पीकर-माईक मिळतो, चारी बाजूचा आवाज घेतो आणि पलीकडचा आवाज पण त्याच्यातूनच येतो, लॅपटॉपला यूएसबीनं लावायचा आणि मधोमध ठेवायचा, झालं. काही हजारात येतो, वर्गणी काढा. तोवर काहीच नसेल तर मोबाईल हातोहात फिरवा, जो बोलेल त्याच्या हातात मोबाईल. गंमत वाटेल पण याचा एक फायदा हाय, एका वेळी एकच माणूस बोलतो.

दुसरं, घरात कुणीही आपापल्या मोबाईलवर लिंक जॉईन करायची नाही. केलीच तर माईक बंद आणि आवाज पण शून्य. एका खोलीत दोन डिव्हाईसचा आवाज चालू राहिला की जी कुंईऽऽ शिट्टी वाजते त्यावर उपाय नाही.

गाण्याचं सांगतो. ऑनलाईन आणि घरातले मिळून गाणं जमत नाही, नादच सोडा. आवाज पोचायला उशीर लागतो, तुम्ही ध्रुवपदावर असता तेव्हा पुणेवाले अजून आधीच्या ओळीत. पुणेवाल्यांनी म्यूट करून घरच्या घरी गायचं. आणि झूम ढोलकी-टाळाला गोंगाट समजून दाबून टाकतं, त्याच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड म्हणून पर्याय हाय तो गाण्यापुरता चालू करा, नाहीतर पलीकडं नुसतं पाण्याखालून गायल्यागत ऐकू जातं.

टीव्ही असेल तर लॅपटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा. पण टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला नको, स्टुलावर, बसलेल्या माणसांच्या नजरेला. आणि गोलात. म्हणजे गोलातली एक जागा त्यांची.

रेल्वेलाईनचे_काका

सर्वांना सलाम.

मी जुन्या मताचा, रागावू नका. माझं मत लिंक बंद करावी असं आहे, निदान अशी अर्धवट तरी नको. योहानाचं दुसरं पत्र काढून बघा, बाराव्या ओवीत तो म्हणतो की लिहायचं पुष्कळ आहे पण कागद आणि शाईनं नको, येऊन समोरासमोर बोलेन, म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल. तिसऱ्या पत्राच्या शेवटी परत तेच. त्या काळचा कागद म्हणजे आजची लिंकच की. कामापुरतं ठीक, पण त्यालाच मंडळी म्हणू नये. आणि इब्री लोकांस पत्रात १०:२५ मध्ये एकत्र मिळणं सोडू नका म्हटलंय, ते तर सगळ्यांना तोंडपाठ आहे.

आमच्या लहानपणी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरोघरी प्रार्थनासभा व्हायच्या. गिरणीची पाळी सुटली की माणसं तशीच यायची, अंगाला कापूस चिकटलेला, कंदिलाच्या उजेडात वाचन व्हायचं, वाचता येत नसलेले ऐकून पाठ करायचे. कुणाच्या घरी आज चूल पेटलेली नाही हे घरात पाऊल टाकताच कळायचं. स्क्रीनवर चूल दिसत नाही. तुमचा भाऊ जेवताना लावून ठेवतो म्हणतो, यात त्याची चूक नाही, साधनच तसं आहे.

रात्री लांबलेल्या स्टडीत डोळा लागणं मात्र फार जुनं. त्रोवस गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०). पण तो पडलेला लोकांना दिसला तरी, धावत खाली गेले. तुमचा कॅमेरा बंद करून झोपलेला युतुख कुणाला दिसणार?

हडपसरचा_सोलापूरकर

काका मनापासून आदर आहे, पण आता माझी बाजू ऐका, कारण मी तोच कॅमेरा बंद करणारा माणूस आहे (ताईंच्या ग्रुपमधला नाही, दुसऱ्या मंडळीतला).

"ज्याला यायचंय तो येईल" हे बोलायला सोपंय. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर. शुक्रवारी ऑफिसातून लवकर सुटलो आणि सहाची हुतात्मा एक्सप्रेस मिळाली तरी घरी पोचायला दहा वाजतात, तोवर तुमचा स्टडी संपून चहाचे कप पण धुऊन झालेले असतात. मी कित्येकदा गाडीतून जॉईन झालोय, दौंड सोडलं की नेटवर्क येतंय-जातंय, भिगवणला एक ओवी ऐकायची आणि कुर्डुवाडीला तिचा अर्थ. तरी जॉईन होतो, कारण इथं पुण्यात चर्च आहेत, मोठीमोठी आहेत, पण मला लहानपणापासून ओळखणारी माणसं तिकडं आहेत.

तुम्ही पत्राचंच काढलंय म्हणून सांगतो, फिलिप्पैकरांस पत्र पौलानं बंदिवासातून लिहिलंय. त्याला जाताच येत नव्हतं. समोरासमोर भेट चांगली हे मान्य, पण भेट होत नाही म्हणून तो गप्प बसला नाही ना? कलस्सैकरांस पत्रात तर सांगतो की हे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीत पण वाचून घ्या आणि त्यांच्याकडचं तुम्ही वाचा. म्हणजे दोन गावांत एकच अभ्यास चालू होता, दोन हजार वर्षांपूर्वी.

आमचं दुखणं नेटवर्क नाही. खिडकीबाहेर उभं राहून दुसऱ्याच्या घरचा कार्यक्रम बघितल्यासारखं वाटतं, ते दुखणं आहे. कुणी नाव घेऊन विचारतच नाही. "ऑनलाईनवाल्यांना काही बोलायचंय का?" असं शेवटी दोन मिनिटं उरल्यावर विचारतात, सगळे गप्प बसतात, मग "ठीक आहे, प्रार्थना करू". आम्ही "ऑनलाईनवाले" झालोय, नावं गेली आमची.

जुळेसोलापूर_घरसभा

वरचं सगळं वाचलं. आमची घरसभा गेली काही वर्षं दोन्ही पद्धतीनं चालते, त्यामुळं जे टिकलं तेवढंच लिहिते.

माझं स्पष्ट मत, दर आठवड्याला एकाच वेळी अर्धे घरात अर्धे लिंकवर, असं कायमचं करू नका. दमतात सगळे, चालवणारा तर सगळ्यात जास्त, कारण त्याला दोन खोल्या सांभाळायच्या असतात. आमचं असं आहे की महिन्यातला एक शुक्रवार फक्त घरी, लिंकच नाही. त्या दिवशी जेवण असतं, भाकरी, शेंगाची चटणी, एखादी भाजी, आणि साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकानं सांगायचं. पुणेवाले जमेल तेव्हा तो शुक्रवार धरून सुट्टी टाकतात, आधीच माहीत असल्यामुळं तिकीट काढता येतं. एक शुक्रवार सगळेच ऑनलाईन, म्हणजे जुळे सोलापूरवाले पण आपापल्या घरून, आपापल्या चौकोनात. त्या दिवशी सगळे सारखे, आत कुणी नाही बाहेर कुणी नाही. पुणेवाले त्याच दिवशी सगळ्यात जास्त बोलतात हे बघून आम्हालाच नवल वाटलं. उरलेल्या शुक्रवारी मिश्र. मे महिन्यात आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात ऑनलाईन वाढवतो, होम मैदानाकडचे रस्ते बंद असताना कुणाला बोलवायचं?

मिश्र शुक्रवारी एक नियम पक्का, घरातला एक माणूस त्या दिवशी लिंकवरच्या लोकांचा सोबती. तो शिकवत नाही, चहा करत नाही, त्याचं लक्ष फक्त स्क्रीनवर. घरात कुणी हसलं तर कशाला हसले ते तो लगेच सांगतो. कुणाचा हात वर दिसला तर तो थांबवतो, पास्टर बोलत असले तरी. हे काम लाजाळू माणसाला देऊ नका. आमच्याकडं बारावीतली एक पोरगी करते, पास्टरांना "थांबा अंकल, काकू काहीतरी म्हणतायत" असं बिनधास्त म्हणते.

काका, पौलाचं पत्र तरी आपोआप कुठं पोचलं? एपफ्रदीतानं नेलं असणार ते. फिलिप्पैवाल्यांनी पौलासाठी मदत पाठवली ती त्याच्याच हाती, तिकडं तो मरता मरता वाचला, त्याच्या आजाराची बातमी इकडं पोचून सगळे काळजीत, मग पौलानं त्याला परत पाठवला, दुसऱ्या अध्यायात सगळं आहे. कागद-शाई होतीच, पण मधे एक जिवंत माणूस पण होता. तुमच्या लिंकला असा माणूस नेमा, मग बघा.

आणखी एक. अभ्यास प्रवचनासारखा घेऊ नका. उतारा आणि तीन प्रश्न बुधवारीच व्हॉट्सअॅपवर टाका, उतारा लहान ठेवा, दहा-बारा ओव्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी लिंकवरच्या कुणीतरी द्यायचं, नाव घेऊन विचारायचं. घरातले नंतर. घरातल्यांना बोलायला संधी हजार मिळतात.

नाईट_ड्युटी_सिस्टर

मी पण ताईंच्या ग्रुपमधल्या सिस्टरसारखीच, शिफ्टवाली. दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पहिली, प्रार्थना विनंत्या. घरात बसून एखादी बाई रडत रडत सांगते की नवरा पितो, किंवा पोराचं लग्न मोडलं. ती समोरच्या आठ-दहा चेहऱ्यांना बघून सांगते. लिंकवर कुणाच्या मागं कोण बसलंय, कुणाचा मोबाईल स्पीकरवर आहे, तिला काय माहीत? आमच्या ओळखीतल्या एका ग्रुपमध्ये अशीच रेकॉर्डिंग नातेवाईकांपर्यंत गेली आणि ती ताई परत आलीच नाही. तेव्हा अभ्यासाची रेकॉर्डिंग हवी तर करा, माझ्यासारख्या नाईटवाल्यांना सकाळी ऐकता येते, पण प्रार्थनेच्या आधी रेकॉर्डिंग बंद झाली हे मोठ्यानं सांगून बंद करा. विनंत्या व्हॉट्सअॅपवर टाकताना पण नाव आणि आजार दोन्ही लिहू नका, फॉरवर्ड व्हायला वेळ लागत नाही. आणि लिंक मंडळीच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका, फक्त स्टडीतल्या लोकांनाच द्या.

दुसरी, जोड्या. अभ्यास संपला की लिंक बंद करायची आणि घरातल्या एकेकानं लिंकवरच्या एकेकाला साधा फोन लावायचा, गच्चीवर जा, जिन्यात बसा, दहा मिनिटं दोघांनीच बोलायचं आणि प्रार्थना करायची. व्हिडिओ नाही काही नाही. मी वॉर्डातल्या ब्रेकमध्ये पण हे करू शकते, व्हिडिओ लावून बसणं शक्यच नसतं. माझी जोडीदार एक मावशी आहेत, त्यांना झूम म्हणजे काय अजून कळलेलं नाही पण माझ्या नाईट कधी लागतात ते पाठ आहे.

सातरस्ता_ताई

अरे बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांना धन्यवाद. सोबती आणि जोड्या या दोन गोष्टी तर लगेच घेते. सोबती कोण ते पण डोळ्यासमोर आलंय, आमच्यातला एक मुलगा फार बोलतो म्हणून सगळे ओरडत असतात त्याला.

दोन शंका राहिल्या. आजींकडं बटणाचा फोन आहे, स्मार्टफोन त्या घेणार नाहीत, नातवानं दिला होता तो त्यांनी कपाटात ठेवलाय. त्यांचं काय करायचं? आणि आम्ही फुकटचं झूम वापरतो, ते ४० मिनिटांत तुटतं, मग परत लिंक, परत सगळ्यांना आत घ्या, त्यात दहा मिनिटं जातात. पैसे भरावेत का?

साउंडवाला_अक्कलकोटरोड

आजींना साधा फोन लावा, स्पीकरवर टाका, आणि तो फोन त्या गोल माईकच्या शेजारी ठेवा. चिकटून नको, हातभर लांब, नाहीतर परत कुंई. आजींना सगळे ऐकू येतील आणि त्यांचं बोलणं पुण्यापर्यंत जाईल. अशा दोघी-तिघी असतील तर साध्या फोनवर पण कॉल मर्ज करता येतात.

पैसे भरू नका. गूगल मीट फुकटात एक तास देतं, तिघांपेक्षा जास्त असले तरी, १०० माणसांपर्यंत. पण मला विचाराल तर ४० मिनिटंच बरी.

जुळेसोलापूर_घरसभा

४० मिनिटांना माझं पण मत. अभ्यास तेवढ्यात बसवा. झूम तुटलं की अभ्यास संपला, आणि तिथून सिस्टर म्हणतायत तसे जोडीचे फोन. पास्टरांना पण घड्याळ दाखवायची गरज पडत नाही, मशीनच दाखवतं 😄

रेल्वेलाईनचे_काका

एपफ्रदीताचं लक्षात आणून दिलंत, बरं वाटलं. लिंकबद्दल माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. आठवड्याला एकच शुक्रवार असतो आणि त्यातले बरेच स्क्रीनला द्यायचे हे मला अजून पटत नाही. माझ्या मते दोन शुक्रवार तरी फक्त घरी ठेवा.

पण आजींना फोनवर ऐकवायचं ठरलंच आहे तर एवढं करा, महिन्यातला तो घरचा शुक्रवार कधीतरी विडी घरकुलला त्यांच्याच घरी भरवा. सात रस्त्याहून सगळ्यांनी जायचं. त्यांना रिक्षात चढता येत नाही, तुम्हाला येतं ना?

हडपसरचा_सोलापूरकर

काका हे एक नंबर. त्या दिवशी मी पण येतो, ग्रुप माझा नसला तरी 🙏 तारीख आधी कळवा फक्त, हुतात्माचं बुकिंग शुक्रवारी मिळत नाही.

सातरस्ता_ताई

आजींना आत्ताच फोन केला होता. म्हणाल्या या सगळे, पण चटणी माझ्या हातची, बाहेरून आणायची नाही, आणि चौथा अध्याय माझ्या घरी घ्या, युवदीया-सुंतुखे या दोन बायकांचं भांडण मला समोर बसून ऐकायचंय. आता आमच्या ग्रुपमधल्या कुठल्या दोघींना बघून त्या हे म्हणाल्या ते इथं लिहीत नाही.

म्हणजे पहिले तीन अध्याय मिश्र पद्धतीनं आणि चौथा विडी घरकुलला. पास्टरांना उद्या कळवते. साउंडवाले दादा, त्या गोल माईकला वेगळी लाईट लागते का हो? आमच्याकडं शुक्रवारीच संध्याकाळी लाईट जाते.

साउंडवाला_अक्कलकोटरोड

नाही लागत, लॅपटॉपवरच चालतो. लाईट गेली की वायफाय मात्र जातं, त्यासाठी राऊटरला छोटा यूपीएस लावा नाहीतर कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. आणि टीव्ही बंद पडला तर लॅपटॉपच स्टुलावर ठेवा, त्याच जागेवर.